नाकेबंदी, व्यापारबंदी आणि शब्दांची जबाबदारी

परराष्ट्रांच्या वार्ता मराठीत आणताना आपल्या वृत्तपत्रांतून ‘नाकेबंदी’, ‘कोंडी’, ‘व्यापारबंदी’, ‘निर्बंध’ आणि ‘बहिष्कार’ हे पाच शब्द ज्या मोकळेपणाने एकमेकांच्या जागी वापरले जातात, तो मोकळेपणा भाषेच्या समृद्धीचा नसून विचाराच्या शैथिल्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या क्षेत्रातले हे शब्द आहेत, त्या क्षेत्रात एका शब्दाऐवजी दुसरा योजल्याने युद्ध सुरू झाल्याचे ठरते किंवा ठरत नाही, तटस्थ राष्ट्राच्या जहाजावरचा माल जप्त करण्याचा अधिकार उत्पन्न होतो किंवा होत नाही, आणि बंदराच्या आतल्या माणसांच्या तोंडचा घास कोणी काढून घेतला, याचा जाब कोणाला विचारायचा हेही पुष्कळदा त्या एका शब्दावरच अवलंबून राहते. या विषयाची परिभाषा गेल्या दोन शतकांत इंग्रज आणि जर्मन या दोन राष्ट्रांच्या संघर्षात फार मोठ्या प्रमाणावर घडली आणि वाकवलीही गेली. म्हणून आपल्या शब्दांची शिस्त लावण्यापूर्वी त्या दोन भाषांचा इतिहास डोळ्यांखालून घालणे अगत्याचे आहे.

‘ब्लॉकेड’ हा शब्द आज समुद्राचा वाटत असला तरी त्याचे मूळ जमिनीवरचे आहे. वेढा घातलेल्या शहराच्या वाटा रोखण्यासाठी ओंडक्यांची जी गढी उभारीत, तिच्या जर्मन-डच कुळातल्या नावावरून फ्रेंचांनी आपला शब्द घेतला, आणि इंग्रजी ‘ब्लॉकेड’ व जर्मन ‘ब्लोकाडे’ हे त्याच घराण्यातले. ‘एम्बार्गो’ स्पॅनिश वंशाचा. राजाने आपल्याच बंदरात नांगरलेली जहाजे आपल्याच हुकमाने अडकवून ठेवणे, हा त्याचा मूळ अर्थ. अमेरिकेचा अध्यक्ष जेफरसन याने डिसेंबर 1807 मध्ये जो एम्बार्गोचा कायदा केला, त्याने अमेरिकन जहाजांनाच परदेशी जाण्यास मनाई केली, यात हा मूळ अर्थ स्वच्छ दिसतो. तात्पर्य, पहिली कृती दुसऱ्याच्या दारात शस्त्रबळाने होते, दुसरी आपल्या घरात आपल्या कायद्याने होते. आणि हा भेद लक्षात राहिला तर पुढचे निम्मे गोंधळ टळतात.

जर्मन भाषेला या दोहोंखेरीज ‘श्पेरे’ हा तिसरा, घरचा शब्द आहे. त्याचा अर्थ अडसर. समुद्राचा अडसर तो ‘झेश्पेरे’, व्यापाराचा अडसर तो ‘हांडेल्सश्पेरे’, आणि ज्या टापूत शिरण्याची बंदी आहे तो ‘श्पेरगेबीट’. या शब्दाचे सामर्थ्य नेपोलियनच्या प्रकरणात दिसते. ट्रफाल्गारच्या पराभवानंतर इंग्लंडच्या बंदरांपुढे उभे करण्याजोगे आरमार त्याच्यापाशी उरले नव्हते. तरीही 21 नोव्हेंबर 1806 रोजी बर्लिनहून काढलेल्या फर्मानात त्याने ब्रिटिश बेटांना नाकेबंदी लागू झाल्याचे जाहीर केले. फ्रेंच इतिहासकार या धोरणाला ‘खंडीय नाकेबंदी’ म्हणतात, इंग्रज नुसती ‘पद्धती’ म्हणतात, आणि जर्मन मात्र ‘कोन्टिनेन्टालश्पेरे’, म्हणजे खंडाला घातलेला अडसर, असे म्हणतात. घडले होते ते नेमके तेच, कारण नेपोलियनने इंग्लंडची दारे लावली नव्हती, युरोपचीच दारे इंग्रजी मालाला लावली होती.

अशा कागदी नाकेबंद्यांनी तटस्थ व्यापाऱ्यांची जी ससेहोलपट झाली, तिचा बंदोबस्त क्रिमियाच्या युद्धानंतर 1856 च्या पॅरिस जाहीरनाम्यात झाला. नाकेबंदी बंधनकारक व्हायची तर ती प्रत्यक्षात अंमलात असली पाहिजे, म्हणजे शत्रूच्या किनाऱ्याशी पोहोचण्याचा मार्ग खरोखर रोखण्याइतके बळ तिथे उभे असले पाहिजे, हे तत्त्व त्यात नमूद झाले. शब्द उच्चारायचा तर त्यामागे आरमार हवे, आणि आरमार उभे केले की आपण युद्धमान आहोत हे पत्करायला हवे, असा दुहेरी बोजा या तत्त्वाने ‘ब्लॉकेड’वर टाकला. तेव्हापासून तो बोजा न उचलता त्या कृतीचे सारे लाभ पदरात पाडण्याची खटपट राष्ट्रे करीत आली आहेत, आणि या परिभाषेचा पुढचा इतिहास हा मुख्यतः त्या खटपटीचा इतिहास आहे.

पहिला मोठा पेच पडला तो अब्राहम लिंकनला. दक्षिणेकडची संस्थाने फुटून निघाली तेव्हा ती बंडखोर प्रजा आहे, स्वतंत्र राष्ट्र नव्हे, अशी त्याची भूमिका होती. आणि स्वतःच्या प्रजेची बंदरे राजाज्ञेने ‘बंद’ करता येतात, त्यांची ‘नाकेबंदी’ केली तर समोरचा पक्ष युद्धमान असल्याचे आपणच मान्य केल्यासारखे होते, असा आरमारमंत्री गिडियन वेल्स याचा आक्षेप होता. परंतु नुसत्या बंदीने ब्रिटनची जहाजे भर समुद्रात थांबविण्याचा अधिकार मिळाला नसता. म्हणून 19 एप्रिल 1861 रोजी लिंकनने ‘ब्लॉकेड’ हाच शब्द पत्करला, आणि 13 मे रोजी ब्रिटनने तटस्थता जाहीर करून दक्षिणेला युद्धमानाचा दर्जा दिला. अधिकार हवा तर त्याची किंमतही मोजावी लागते, हे या एका निर्णयाने दाखवून दिले. त्या नाकेबंदीचा धक्का मुंबईपर्यंत पोहोचला. अमेरिकेचा कापूस लँकेशायरला पोहोचेना, तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले, मुंबईत पैशाचा पूर आला, बॅक बेच्या भरावाच्या कंपनीचे शेअर कल्पनेपलीकडे चढले, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच तो सगळा डोलारा कोसळून प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्यही त्याखाली सापडले. ज्या शब्दाचा वाद वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात झाला, त्याचा जमाखर्च असा काळबादेवीच्या पेढ्यांवर लिहिला गेला.

दुसरा प्रसंग 1902 चा. व्हेनेझुएलाने कर्जे थकविली म्हणून जर्मनी, ब्रिटन व इटली यांनी तिच्या किनाऱ्यावर आरमारे पाठविली. जर्मन सरकारला ही कारवाई ‘फ्रीडेन्सब्लोकाडे’, म्हणजे शांततेतली नाकेबंदी, म्हणून चालवायची होती, कारण साम्राज्याच्या घटनेप्रमाणे युद्ध जाहीर करायचे तर सम्राटाला संघराज्य-परिषदेची संमती घ्यावी लागे. शांततेच्या काळात तिसऱ्या राष्ट्राची जहाजे अडविता येणार नाहीत, अशी अमेरिकेची हरकत पडली. आणि नाकेबंदी म्हटली की युद्धस्थिती आलीच, असे ब्रिटनचा पंतप्रधान बाल्फोर याने कॉमन्स सभेत स्वच्छ सांगून टाकले. बाल्फोरच्या धोरणाशी कोणी सहमत असो वा नसो, आपल्या कृतीला तिचे खरे नाव देण्याचा सरळपणा त्याने त्या दिवशी दाखविला, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

तो सरळपणा पहिल्या महायुद्धात टिकला नाही. जर्मन नौदलाची अपेक्षा अशी की ब्रिटिश आरमार पूर्वीप्रमाणे किनाऱ्यालगत येऊन निकट नाकेबंदी करील आणि मग सुरुंग व पाणबुड्या यांनी त्याचे लचके तोडता येतील. परंतु ब्रिटनने तो बेत युद्धापूर्वीच सोडून दिला होता, आणि त्याची जहाजे स्कॉटलंडच्या उत्तरेच्या मोकळ्या समुद्रावर पहारा करू लागली. वर्षानुवर्षांच्या नियमाप्रमाणे ही नाकेबंदी ठरत नव्हती, कारण ती जर्मन किनाऱ्यासमोर उभी नव्हती आणि तिने डेन्मार्क, हॉलंड, नॉर्वे या तटस्थांच्याही वाटा रोखल्या होत्या. म्हणून नोव्हेंबर 1914 मध्ये ब्रिटनने संपूर्ण उत्तर समुद्राला ‘लष्करी क्षेत्र’ म्हटले. जर्मनीने 4 फेब्रुवारी 1915 रोजी ब्रिटिश बेटांभोवतीच्या पाण्याला ‘क्रीग्सगेबीट’, म्हणजे युद्धक्षेत्र, ठरवून पाणबुड्यांना मोकळीक दिली. त्याला उत्तर म्हणून 11 मार्च रोजी ब्रिटनने जर्मनीकडे जाणारा व तिकडून येणारा सर्व माल अडविण्याचा हुकूम काढला, आणि त्या हुकुमाच्या मसुद्यातून ‘ब्लॉकेड’ हा शब्द कटाक्षाने वगळला. पुढे वर्षभरात, फेब्रुवारी 1916 मध्ये, त्याच सरकारने लॉर्ड रॉबर्ट सेसिल याच्या हाताखाली एक नवे खाते उघडले आणि त्याचे नाव ठेवले ‘मिनिस्ट्री ऑफ ब्लॉकेड’. ज्या शब्दाला कायद्याच्या दस्तऐवजात जागा नव्हती, तो खात्याच्या पाटीवर विराजमान झाला.

या यंत्रणेचे काम प्रत्यक्षात कसे चाले हे पाहण्याजोगे आहे. भर समुद्रात झडती घेणे पाणबुड्यांमुळे धोक्याचे झाल्याने तटस्थ जहाज पहाऱ्यावरची क्रूझर ऑर्कनी बेटांतल्या कर्कवॉल बंदरात घेऊन जाई. तिथे कप्तानाचे मालपत्र तपासले जाई, आणि तेल, तांबे किंवा धान्य अखेर कोणाच्या दारी जाणार आहे, याची रुजवात होईपर्यंत ते तिथेच खोळंबून राही. पूर्वी युद्धनिषिद्ध मालाचे निरपेक्ष व सापेक्ष असे दोन वर्ग असत. दारूगोळा पहिल्यात, अन्न दुसऱ्यात, आणि 1909 च्या लंडन जाहीरनाम्यात कापूस तर पूर्ण मोकळ्या यादीत होता. ऑगस्ट 1915 मध्ये तोच कापूस निरपेक्ष निषिद्ध ठरला, कारण त्यापासून स्फोटक बनते. आणि हळूहळू दोन्ही वर्गांमधली भिंतच ढासळली. जर्मन भाषेत अशा मालाला ‘बानवारे’, म्हणजे बहिष्कृत माल, म्हणतात. शब्द तोच राहिला. पण त्याच्या पोटात तोफेचा गोळा आणि पोराची भाकरी हे दोन्ही एकाच न्यायाने येऊन बसले.

जर्मन भाषेने याला दिलेले उत्तर म्हणजे ‘हुंगरब्लोकाडे’, उपासमारीची नाकेबंदी. या शब्दात निर्विवाद सत्य होते. 1916 च्या शरदात बटाट्याचे पीक रोगाने बुडाले, आणि पुढचा हिवाळा जर्मन शहरांनी एरव्ही जनावरांपुढे टाकायच्या सलगमासारख्या कंदावर काढला. त्या कंदाचेच नाव त्या हिवाळ्याला पडले. साम्राज्याच्या आरोग्य खात्याने डिसेंबर 1918 मध्ये नाकेबंदीने झालेले नागरिकांचे मृत्यू 7,63,000 असल्याचे जाहीर केले. पुढच्या अभ्यासांत हा आकडा सव्वाचार लाखांच्या आसपास खाली आला, तरी तोही भीषणच होता. युद्धविरामानंतरही अडसर निघाला नाही. मार्च 1919 मध्ये अन्नाला वाट मिळाली, आणि पूर्ण मोकळीक झाली ती 12 जुलै 1919 रोजी, व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्यानंतर.

परंतु याच शब्दाने आणखी एक सत्य झाकले. शेतांवरची माणसे व घोडे सैन्याने नेले होते, नत्राचे खत दारूगोळ्याकडे वळले होते, आणि धान्यवाटपाचा कारभार इतका विस्कळीत होता की काळ्या बाजाराला ऊत आला होता. या सगळ्याचा ठपका जर्मन सरकारवरही येत होता, आणि ‘हुंगरब्लोकाडे’ म्हटले की तो सगळाच्या सगळा परक्याच्या माथी जाई. इंग्रज बाजूस ‘आर्थिक दडपण’ असे थंड शब्द वापरले गेले, त्यांनी उपाशी मूल नजरेआड केले. जर्मन बाजूच्या जळजळीत शब्दाने आपल्या अधिकाऱ्यांची कसूर नजरेआड केली. सौम्य शब्दच तेवढे फसवितात असे नव्हे, संतप्त शब्दही फसवितात. या दोन भाषांच्या अभ्यासातून मला घेण्यासारखी वाटते ती मोठी गोष्ट हीच.

संतप्त शब्दाचा पुढचा प्रवास तर अधिकच भयंकर आहे. नाझींनी त्या उपासमारीची आठवण जागती ठेवली आणि पूर्वेकडची सुपीक जमीन बळकावण्याच्या आपल्या योजनेला तिचा आधार दिला. आणि सप्टेंबर 1941 पासून जानेवारी 1944 पर्यंत लेनिनग्राड नगरीला वेढून त्यांच्याच सैन्याने लाखो नागरिकांना अन्नावाचून मारले. इंग्रजी ग्रंथांत या घटनेला बहुधा ‘वेढा’ म्हणतात, रशियन व जर्मन भाषांत मात्र ‘ब्लोकाडा’, ‘ब्लोकाडे’ हाच शब्द रूढ आहे. वेढा म्हटला की त्यात गड घेण्याचा हेतू गृहीत धरला जातो. इथे शहर हस्तगत करण्यापेक्षा ते उपाशी मारणे हाच बेत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे रशियनांचा शब्द अधिक खरा वाटतो. अशा रीतीने नागरिकांना उपाशी मारणे हे युद्धाचे साधन म्हणून निषिद्ध आहे, असे जिनीव्हा करारांच्या पहिल्या पुरवणी-तहात लिहिले गेले ते 1977 मध्ये. तोपर्यंत दोन पिढ्यांच्या हाडांचा खच पडला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर शब्द चुकविण्याची कला अधिक सफाईदार झाली. जून 1948 मध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनकडे जाणारी रेल्वे थांबविली ती ‘तांत्रिक अडचणीं’मुळे, आणि जवळजवळ वर्षभर विमानांनी पिठापासून कोळशापर्यंत सर्व काही नेऊन ते शहर जगविले गेले. ऑक्टोबर 1962 मध्ये क्युबाकडे निघालेल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांना अडविण्यासाठी अध्यक्ष केनेडी यांनी ‘क्वारंटाइन’ हा शब्द योजला, कारण ‘ब्लॉकेड’ म्हणणे म्हणजे युद्ध पुकारणे. साथीच्या रोगाच्या काळात जहाज बाहेर उभे करून ठेवण्याचा हा आरोग्य खात्याचा शब्द. पण 26 ऑक्टोबरला सोव्हिएत मालासाठी भाड्याने घेतलेले ‘मारुक्ला’ हे लेबनॉनच्या निशाणाचे मालवाहू जहाज अमेरिकन विनाशिकांनी थांबवून त्यावर सैनिक चढविले, तेव्हा जे घडले ते तटस्थ जहाजाची झडतीच होते. या शब्दाने दोन महासत्तांना माघारीची वाट मोकळी ठेवली, आणि अणुयुद्ध टळले यात त्याचाही वाटा आहे, हे मी मनापासून मान्य करतो. तथापि मुत्सद्द्याला मिळणारी ही मुभा वार्ताहराला मिळत नाही. मुत्सद्दी शब्दाने वाट काढतो, वार्ताहराने त्या वाटेवर काय घडले ते सांगायचे असते.

आपल्या किनाऱ्यालाही हा अनुभव नवा नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना चालू केला. तो जवळ नसलेले गलबत जप्त होई. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी तोच अधिकार मराठी सत्तेच्या वतीने बजावून ‘दस्तक’ देण्यास सुरुवात केली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने ते दस्तक झुगारले आणि त्यांना चाचा ठरविले. एकाच कृतीला पोर्तुगीजांच्या हाती सनद आणि मराठ्यांच्या हाती लूट असे नाव देणारी ती लेखणी किती काळ आमच्या पाठ्यपुस्तकांतही चालत राहिली, हे वाचकांना सांगायला नको.

आणि हाच मापदंड आपण आपल्यालाही लावला पाहिजे. ऑगस्ट 1955 च्या सत्याग्रहावर पोर्तुगीजांनी केलेल्या गोळीबारानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेला व्यवहार तोडला, रेल्वे व रस्ते बंद केले. या धोरणाला आजही सर्रास ‘गोव्याची नाकेबंदी’ म्हटले जाते. पण समुद्र मोकळा होता. तांदूळ पाकिस्तानातून, बटाटे हॉलंडहून, सिमेंट जपानहून येत राहिले, आणि गोव्याचे लोहखनिज परदेशी जात राहिले. तेव्हा ती व्यापारबंदी होती, नाकेबंदी नव्हती. हा भेद सांगितल्याने गोवामुक्तीच्या न्याय्यतेला यत्किंचितही उणेपणा येत नाही. उलट आपले सरकार बळाचा वापर न करता किती काळ थांबले होते, हे त्यातून अधिक स्पष्ट होते.

यावर कोणी म्हणेल की वर्तमानपत्र म्हणजे न्यायासन नव्हे. वाचकाला ढोबळ अर्थ कळला म्हणजे झाले. हा युक्तिवाद मला मान्य नाही. शहराच्या पानावर रात्री पोलिसांनी वाहने तपासली त्याला ‘नाकाबंदी’ म्हणायचे आणि परराष्ट्राच्या पानावर एका देशाचे अन्न आरमाराने रोखले त्यालाही जवळपास तेच म्हणायचे, तर वाचकाला ढोबळ अर्थसुद्धा कळत नाही. दोन्ही गोष्टी त्याला सारख्याच किरकोळ वाटू लागतात. गाझाच्या किनाऱ्यावरील इस्राएलच्या सागरी नाकेबंदीविषयी संयुक्त राष्ट्रांच्याच छत्राखालचे दोन अहवाल, एक 2010 चा व एक 2011 चा, परस्परविरुद्ध निष्कर्षाला आले, याचे एक मुख्य कारण हे की एकाने समुद्रावरची नाकेबंदी जमिनीवरच्या कोंडीपासून वेगळी धरली आणि दुसऱ्याने दोन्हींचा एकत्र विचार केला. अशा विषयावर मत बनवायचे तर वाचकापुढे ते दोन शब्द वेगवेगळे असलेच पाहिजेत.

तेव्हा माझी सूचना अशी. दुसऱ्याच्या किनाऱ्यासमोर शस्त्रबळाने सर्व राष्ट्रांची जहाजे रोखली जातात, तेव्हाच ‘सागरी नाकेबंदी’ म्हणावे. सरकार आपल्याच व्यापाऱ्यांना व बंदरांना कायद्याने मनाई करते, तिला ‘व्यापारबंदी’ म्हणावे. ठराविक व्यक्ती, बँका किंवा वस्तू यांच्यापुरती बंदी असेल, तर ‘निर्बंध’. आणि लोक स्वेच्छेने खरेदी नाकारतात, तो ‘बहिष्कार’. एखादे सरकार आपल्या कृतीला निराळे नाव देत असेल, तर ते नाव त्या सरकारच्या तोंडी घालावे, आपल्या मथळ्यात घेऊ नये. आणि बातमी लिहिताना तीन प्रश्नांची उत्तरे अवश्य द्यावीत: कोणाची जहाजे अडविली जात आहेत, अन्न व औषधे यांना वाट आहे काय, आणि आतल्या माणसांच्या हालअपेष्टांत त्यांच्या स्वतःच्या राज्यकर्त्यांचा वाटा किती.

रत्नागिरी-रायगडच्या गावांतली कित्येक माणसे आजही जगभरच्या मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून राबत आहेत, आणि नाशिकच्या कांद्यापासून सांगलीच्या बेदाण्यापर्यंत आपला माल अशाच सागरी वाटांवरून जातो. दूरच्या सामुद्रधुनीत कोणता शब्द उच्चारला गेला, याचा आपल्याशी संबंध नाही असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही. इंग्रजी आणि जर्मन या भाषांनी आपापल्या राष्ट्रांच्या गरजेपायी हे शब्द वाकविले, आणि त्या वाकण्याची किंमत निरपराधांनी दिली. मराठीला या बाबतीत कोणत्याही आरमाराची वकिली करायची नाही. म्हणून या गोष्टींना त्यांची खरी नावे देणे तिला अधिक सुलभ आहे, आणि तेवढ्याच कारणाने ते तिचे अधिक मोठे कर्तव्य आहे.